खोक्यावरची बारीक अक्षरं

मंगळवार, दिवेलागण

आठवडाभर मी यांच्याशी खोटं बोलत होते. शुगरमुळे यांच्या तळपायाची जखम दोन महिने भरत नाही. शहापूरच्या डॉक्टरांनी नवी पट्टी लावली. हिचा गुण आला नाही तर पाय कापावा लागेल, म्हणाले. पट्टीच्या खोक्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं घरात मलाच वाचता येतात. पट्टीत माशाच्या कातडीपासून काढलेले पेप्टाइड, म्हणजे प्रथिनच. आणि हे माळकरी! वीस वर्षं घरात सुकटीचा वाससुद्धा नाही. "कशाची गो ही?" यांनी विचारलं, तेव्हा मी "औषधाची" एवढंच म्हणाले. कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलले की सिस्टर नुसतं बघायच्या. तसंच ते खोकं बघत होतं.

आज जखमेची कड गुलाबी दिसली. उद्या दुसरी पट्टी. मग राहवेना. खोकं समोर ठेवून वाचून दाखवलं.

"म्हणजे पायाला मासळी बांधून भजनाला बसतोय मी?"

"पाय जाईल म्हणून बोलले नाही हो."

"इचारलं असतंस तर नाय म्हटलं असतं, म्हणून इचारलंच नाय. बायको हायस का वकील?"

मला हसू आलं नाही. उद्या नकोच म्हणाले तर?

मग यांनी स्वतःच माळ काढून माझ्या हातात दिली. "देवाजवळ ठेव. पाय बरा झाला की मुरबाडच्या बुवांकडून परत घालून घेईन. उद्या लावू दे पट्टी."

आता भजन म्हणत बसलेत. हात सारखा मोकळ्या गळ्याशी जातोय.