पुनवेआधी कुठली बोट

बाबा, मंगळवारी सकाळी माझ्या हातातली लाकडी मोगरी म्हाताऱ्या तांडेलाच्या मनगटावर पडली, तिथून सगळं बदललं. पडली कसली, मी मारली. बाक द्यायला पिळताना सागाची फळी तडकते तसा आवाज झाला आणि म्हातारा वाळूत खाली बसला.

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. खाडीकाठची आपली बोटदुरुस्तीची शेड काका चालवतो. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं. वर्गातला एक जण तिच्याबद्दल वाकडं बोलला, मी त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, आणि प्रिन्सिपलचं बोलावणं यायच्या आत रेवदंड्याची एसटी पकडली. ती म्हणजे पलीकडच्या आळीतल्या बोटमालकाची मुलगी. तू होतास तेव्हा तिसरीत असेल. आता ती वडिलांचा डबा घेऊन शेडीत येते आणि माझा रंधा चालता चालता थांबतो.

यंदा काकाची कंबर धरली. म्हणाला, "आधी कुठली घ्यायची ते तूच ठरव." दोन बोटी ओंडक्यांवर चढवलेल्या, काम करणारे आम्ही तिघं. श्रावणातल्या पुनवेच्या उधाणाला जी पाण्यात जाईल तिचा हंगाम सुरू. राहील ती अमावास्येपर्यंत कोरडी, आणि तोवर तिचे खलाशी दुसऱ्या बोटीवर निघून जातात. तिच्या वडिलांच्या बोटीला रंग आणि कठड्याची एक लांब फळी हवी होती. म्हाताऱ्याच्या होडीचा तळ कुजला होता. त्याची ती एकच होडी.

तू कसं ठरवायचास ते मला पाठ आहे. मालकाला शेडीबाहेर उभा करायचास, मोगरीने तळाची फळी न् फळी ठोकत जायचास, जी बोट कुजल्यासारखी पोकळ बोलली ती पहिली. आणि बोट ओंडक्यांवर असेपर्यंत तिच्या मालकाची मासळी घरात येऊ द्यायची नाही. मी दहा वर्षांचा होतो. एका मालकाने पापलेटं धाडली आणि आईने बिचारीने कालवण केलं. तू जेवायला आलास, विचारलंस, "कोणाची?" आई बोलेना, तर माझ्याकडे बघितलंस. मी नाव सांगितलं. तू उकळतं पातेलं उचलून अंगणात भिरकावलंस. रस्सा माझ्या पायावर उडाला आणि मी रडायला लागलो, तर वर एक थोबाडीत. "मासळी खाल्ली की कान बंद होतात," म्हणालास. तो डाग अजून आहे. त्या दिवशी तू मरावास असं मला वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

मी ठोकून बघितलंच नाही, बाबा. तिच्या वडिलांनी पाठीवर हात ठेवून "जावईबापू, कधी देताय?" अशी नुसती थट्टा केली, आणि मी त्यांची बोट पहिली घेतली. वर म्हाताऱ्याच्या तळासाठी काकाने दोन वर्षं सुकवलेली फळी त्यांच्या कठड्याला ठोकली.

मंगळवारी म्हातारा आला आणि त्या फळीवरून हात फिरवत राहिला. "पोरा, ही माजी हाय. तुज्या काकानं मला दावून ठेवली व्हती."

"लाकूड शेडीचं असतं," मी म्हणालो.

"व्हय. नि शेड कोनाची? सासऱ्याची?" सगळे हसले. म्हातारा हसला नाही. "बापाची मोगरी मिलाली रं तुला, कान न्हाय मिलाला."

मग मी मारलं. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा दोघांनी मला मागून धरलं. ती डबा घेऊन दारात उभी होती. डबा खाली टाकून धावली, म्हाताऱ्याचा हात ओढणीत बांधला, त्याला रिक्षात बसवलं, शेजारी आपणही बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

आज सकाळी त्याच्या घरी गेलो. हात प्लास्टरमध्ये. पोलिसात गेला नाही. मला उंबऱ्यावरच थांबवलं. "हात माजा मी बघीन. भाचे जातील दर्यात. तू होडीचं बोल."

परत येऊन काकाला म्हणालो, ती फळी उपटतो, पुनवेला चार दिवस आहेत, तळ होईल. काका पडल्या पडल्या ओरडला, "भडव्या, रंग झालाय त्या बोटीचा! उपटलीस तर त्या घरात तुला पाणी मिळायचं नाही, पोरगी तर लांबच." मी भिंतीवर मूठ मारली. बोटं सुजली आहेत, म्हणून अक्षर असं आलंय.

एवढं वाचून तुला वाटेल पोरगा सुधारला. तसं नाही. परवा तिने रिक्षातून एकदा जरी वळून बघितलं असतं, तरी ती फळी मी तिथेच राहू दिली असती, आणि म्हातारा गेला खड्ड्यात. हे मी काकाला सांगणार नाही, तिला तर नाहीच.

कागद घडी करून गादीखाली सारतोय. तिचे वडील शेडीत आलेत, त्यांचा आवाज इथवर येतोय. फळी उपटायला पहार घेतली. निघालो, दार ओढून घेतो.