हवालदाराचे पोहे

कोयनानगर,
५ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,

धैर्यशीलचा सा. न., तोही उभ्यानंच, कारण मी कपबशा धुतो त्या या कँटीनमध्ये वाकायला जागा नाही.

न सांगता निघून आलो म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. बस. तुझ्या घरात महिनाभर सकाळी काढल्या, आणखी थोड्या काढल्या असत्या तर मी फौजेत भरती झालो असतो, आणि फौजेतनं परत आलेला माणूस कसा होतो ते मी रोज बघतच होतो. दाजी हवालदार म्हणून रिटायर झाले, पण शिट्टी काही गळ्यातनं निघत नाही. अंधारात शिट्टी. शिट्टीवर उठायचं, शिट्टीवर दात घासायचे. बंबातलं पाणी हुद्द्याप्रमाणं. आधी दाजी, मग त्यांच्या आई शालूबाई, म्हणजे तुझ्या आत्याबाई, मग अंकिता आणि शिवांजली या तुझ्या पोरी, मग मी, आणि तळाचं कोमट तुला. एवढं झालं की साहेब पेपर घेऊन खुर्चीत. तू एका हातानं वेणी घालणार, दुसऱ्या हातानं भाकरी उलटणार, आणि मागनं हुकूम येणार की गॅस लय मोठा हाय, बारीक कर.

त्याला बचत म्हणायचं म्हणे. तीच चहापूड दुसऱ्यांदा उकळून पाहुण्याला पाजायची. साबणाचे उरलेले तुकडे दाबून नवा साबण करायचा. एका आंघोळीत मला त्यात तीन रंग दिसले. कंजूष माणसं मी गावोगाव बघितली, पण कंजूषपणाची परेड काढणारं घर एकच.

फोन का करत नाही ते राहिलंच. घाटात एसटीच्या खिडकीतनं माकडाचा व्हिडिओ काढत होतो. पिल्लू पोटाला धरून ते असं काय बसलं होतं, की मी जरा जास्तच बाहेर वाकलो. फोन दरीत गेला. तसंही तुझ्या फोनवर दाजी स्पीकर लावायला लावतात. म्हणून हे पत्र शेजारच्या राणीवहिनींच्या पत्त्यावर. माझा निळा स्वेटर खुंटीला राहिलाय, त्याचं फरशीचं फडकं व्हायच्या आत पाठव.

दाजींना सलाम, मनातल्या मनात. माझ्यावर जीव आहे तेवढा असू दे, वाढवायची घाई नाही.

तुझा धैर्या

•

माधवनगर,
१३ नोव्हेंबर

चि. धैर्यशील यास,

आशीर्वाद अर्धाच पाठवतेय. बाकीचा तू एका जागी टिकलास की.

फडकं कधीच झालं. चांगलं पाणी ओढतं.

माझ्या सकाळींवर तू बोलतोस? महिनाभरात तू एक कप विसळला नाहीस. शिवांजलीची शाळेची बस दारात हॉर्न वाजवायची तेव्हा तू न्हाणीत गाणी म्हणत असायचास. आता तिकडं लोकांच्या कपबशा धुतोस म्हणे. राणीवहिनींना सांगितलं तर त्यांना ठसका लागला. ह्यांनी शिट्टी तरी वाजवली, तू तर तेवढंही केलं नाहीस.

आता कामाचं. सूतगिरणीच्या रस्त्याला शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना निघालाय. राणीवहिनी जातात, त्यांच्याबरोबर मीही बघायला गेले. तिथल्या बाईंनी मशीनवर बसवलं. माझी लग्नातली मशीन माळ्यावर आहे, आत्याबाई तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवतात, हे तुला ठाऊक आहे. पण हात विसरला नव्हता रे. डोळे भरून आले, पण कापड दुसऱ्याचं होतं म्हणून आवरलं. दोन डिसेंबरपासून ये म्हणाल्या. सकाळी सातला मशीनवर बसायचं. नाही आलीस तर जागा दुसरीला.

घरी सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, सून दिवस उगवायला घराबाहेर पडली तर इचारणाऱ्यांना मी काय सांगू. हे म्हणाले, तू गेलीस तर सकाळी घर उपाशी. आणि त्याच दमात म्हणाले, की आमच्या लंगरमध्ये शंभर जवानांचा नाश्ता झुंजुमुंजू व्हायच्या आत तयार असायचा, तुला पाच माणसांचं आवरत नाही, तू कारखान्यात काय दिवे लावणार. म्हणजे माझं काम काहीच नाही, आणि ते माझ्याशिवाय होतही नाही. दोन्ही एकदम कसं खरं असेल ते तुझ्यासारख्या रिकाम्या माणसानं सांगावं.

ते राहू दे. एक तारखेला इकडं ये आणि पहिले पंधरा दिवस सकाळचं बघ. आयुष्यात मी तुला काही मागितलं नाही. ही जागा गेली तर त्या बरणीखाली मशीनशेजारी मलाही ठेवा.

तुझी अक्का,
रेश्मा

•

कोयनानगर,
२० नोव्हेंबर

ती. अक्कास,

उरलेल्या अर्ध्या आशीर्वादासाठी अर्ज करतो. सा. न. सोबत जोडला आहे.

येतो. एक तारखेला दारात उभा राहतो. तू आतापासून शंका घेत असशील, घे.

पण एक सांगू? पंधरा दिवसांनी मी गेल्यावर काय? आमच्या कँटीनच्या आचारीण रंगुबाई आहेत. काल सकाळी इथं जमीन हलली, फळीवरच्या कपबशा किणकिणल्या, मी बाहेर पळालो. रंगुबाई कढईसमोरून हलल्या नाहीत. मला म्हणाल्या, गड्या, कांदा करपला तर काय भूकंपाला जाब इचारू? ही बाई लय पोचलेली आहे. तिला तुझी सगळी हकिकत सांगितली. ती म्हणाली, बढाईखोर माणसाला समजावायचं न्हाई, त्याची बढाई त्याच्याच हातात द्यायची.

तर असं कर. आत्याबाई समोर असताना दाजींना म्हण, की धैर्या येतोय, कारण लंगरचं निराळं, पोरींचे डबे काही हवालदाराला जमायचे नाहीत. एवढंच म्हण आणि भांडी घासायला जा. मान वळवून बघू नकोस.

माया पातळ झाली तरी चालेल, पण दुधासारखं पाणी घालून नको.

धैर्या

•

माधवनगर,
५ डिसेंबर

श्री. धैर्यशील यास,

कुशल विचारत नाही. काम न करणारा माणूस कुशलच असतो.

पत्रं शेजारच्या पत्त्यावर येतात हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. फौजेत मी वीस वर्षं चोऱ्या पकडल्या, ही तर पोरखेळातली होती. तू एक तारखेला रिपोर्ट करणार होतास. केला नाहीस. तुझ्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

सकाळचा चार्ज मी स्वतः घेतला आहे. तुझ्या अक्काने आईसमोर काही शब्द काढले, त्यांना उत्तर देणं भाग होतं. सर्व व्यवस्थित सुरू आहे. पहिल्या दिवशी पोह्यांचा अंदाज जरा चुकला. लंगरमध्ये आम्ही पोत्यावर हिशोब करायचो. तू हॉटेलात आहेस म्हणून विचारतो, पाच माणसांना पोहे किती भिजवायचे? उत्तर राणीवहिनींच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. अक्काला कळता कामा नये.

तुझ्याबद्दल जे मत आहे ते कायम ठेवून,

इंद्रजित

•

कोयनानगर,
११ डिसेंबर

ती. दाजींस,

कडक सलाम. पाय जुळवले, चप्पल तुटली.

मी निघालो होतो, शपथ. कराडच्या स्टँडवर माझा दोस्त जयराज भेटला, त्याचा टेंपो खंडाळ्याला चालला होता, म्हणाला दोन तासांत परत येऊ. त्याच्या दोन तासांना चार दिवस लागले. पण ऐकून बरं वाटलं, की ज्या कामाला तुमच्या मते काहीच लागत नाही त्याच्यासाठी आता टपाल खातं लागतंय.

मला माहीत नव्हतं, रंगुबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, माणशी एक मूठ आणि वर पातेल्याची एक. मूठ बाईमाणसाची. हवालदाराची असेल तर हात आखडता घ्यायचा. चाळणीत धुवायचे, भिजत घालून पेपर वाचायला बसायचं नाही. मिठाचं त्यांनी एक खास सांगितलंय ते लिहितोच, पण आधी खंडाळ्याची गंमत सांगतो. टेंपोत रोपं होती आणि एक बोकड. बोकडानं निम्मी रोपं खाल्ली, आणि जयराज मालकाला सांगतोय की वाऱ्यानं गेली. जागा संपली. पोस्टाचा डबा आता उघडतील.

आपल्या मताला धक्का न लावता,

धैर्यशील

•

माधवनगर,
१९ डिसेंबर

चि. धैर्यशील यास,

उरलेला अर्धा आशीर्वाद यासोबत. तू आला नाहीस म्हणून.

आला असतास तर ह्यांनी शिट्टी तुझ्या गळ्यात घातली असती, तू पळून गेल्यावर ती माझ्या गळ्यात आली असती. तुझ्या बेभरवशेपणाचा आजवर कुणाला उपयोग झाला नव्हता, मला झाला. फुशारू नकोस.

पहिल्या दिवसाचा अंदाज जरा चुकला असं त्यांनी लिहिलं असेल. डब्यातले होते तेवढे सगळे पोहे भिजवले. पातेलं पुरेना, घमेलं घेतलं. आत्याबाई म्हणाल्या, आरं इंद्रजित, लढाईला निघालाईस व्हय? दूध उतू चाललेलं, अंकिताची एकच वेणी झालेली, शिवांजली रडायच्या बेतात. मी पिशवी घेऊन दारात. हात नुसते शिवशिवत होते. घरात पाऊल टाकलं असतं तर परत बाहेर पडले नसते. चप्पल घातली आणि चालू लागले. वळून बघू नको म्हणाला होतास, तेवढं एक तुझं ऐकलं. त्या दिवशी सगळ्या गल्लीनं पोहे खाल्ले.

तुझं पत्र राणीवहिनींनी माझ्याच हातात दिलं. नाव त्यांचं, म्हणून मी फोडलं नाही. पण हे ओट्याशी उभं राहून पुटपुटत वाचतात, ते सगळ्या घराला ऐकू येतं. आता मुठीनं घेतात, अंदाज बरोबर येतो. पेपर दुपारी वाचतात. बंबातलं पहिलं पाणी मला, कारण सातची ड्यूटी माझी. हुकूम त्यांचाच, शिट्टी मारून. आत्याबाईंनी बरणी खाली काढलीय, का ते विचारलं तर म्हणाल्या, पुसायला.

नवा स्वेटर विणतेय. तो तरी खुंटीला सोडून जाऊ नकोस. आपल्या दोघांचं भांडण असंच चालू राहावं, ही विनंती.

तुझी अक्का,
रेश्मा

ता. क. मिठाचं तू लिहिणार होतास आणि बोकडावर गेलास. त्यामुळं हे पोहे मऊ करतात, मोकळे करतात, मीठ मात्र घालत नाहीत. त्यांना कळवू नकोस. आत्याबाईंना दातांमुळं लोणच्याशिवाय चव कळत नाही, आणि हे स्वतःचे पोहे डोळे मिटून खातात. मी घरी येऊन सांगते, झकास झालते. एकदा चूक काढली की म्हणतील, मग तूच कर. पोरींच्या दप्तरात मिठाची एकेक पुडी ठेवलीय. एक माझ्या मशीनच्या खणात आहे.