प्रिंटहेल्प

जवाहर नगर, जयपूर
३ फेब्रुवारी

चि. सौ. मयूरीस,
आईचा सप्रेम जय भीम व आशीर्वाद.

मेल सोडून हाताने लिहिते, त्याला कारण आहे. परवा जेवताना तुझा दादा, पवन, म्हणाला की नागपूरला जायची गरज नाही, बाळंतपण अनिमेषच्या घरचे करतील. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. येणार हे मी फक्त तुला मेलमध्ये लिहिलं होतं.

तुझ्या लग्नापासून या घरात तुझं नाव घ्यायचं नाही, असा त्याचा हुकूम. माझा फोन तो रोज बघतो, म्हणून तर आपण मेल धरला. पासवर्ड मी कुठे लिहूनही ठेवलेला नाही. मग त्याला कळलं कसं? कॉम्प्युटर हल्ली जड चालतो. मी काही करत नसले तरी आतला पंखा घरघरतो.

उत्तर शेजारच्या सुवर्णाताईंच्या पत्त्यावर पाठव. पाय सुजतात का, ते खरं लिही.

तुझी,
आई


नागपूर
९ फेब्रुवारी

ती. आईस,
मयूरीचा सविनय जय भीम. वि. वि.

पाय सुजतात. बाकी ठीक. माझं मराठी पत्र पाहून अनिमेष म्हणाला की हे हिंदीत विचार करून लिहिलंय. मतलब, जयपूरच्या शाळेत शिकलेली मुलगी आणखी काय लिहिणार.

आता नीट वाच. पवनने कॉम्प्युटरमध्ये चोरून वाचणारा एखादा प्रोग्रॅम टाकला असणार. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब. जे उघडेल त्यात, कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी मिळेल. ओळखीचं सोडून दे. अनोळखी नावावर माउसचं उजवं बटण दाबून ती फाइल कुठे ठेवली आहे ते बघ. नावाच्या शेवटी ईएक्सई असेल, बनवणाऱ्या कंपनीचं नाव नसेल आणि ती कुठल्या तरी आडबाजूच्या फोल्डरमध्ये असेल, तर तीच. कधी टाकली ती तारीखही दिसेल.

मग नेटची वायर काढ, तो प्रोग्रॅम बंद कर, फाइल डिलीट कर, कचऱ्याची टोपलीही रिकामी कर. पासवर्ड सुवर्णामावशींच्या कॉम्प्युटरवरून बदल, आपल्या नको.

तुझी लाडकी,
मयूरी


जवाहर नगर, जयपूर
१६ फेब्रुवारी

चि. सौ. मयूरीस,
सप्रेम जय भीम व आशीर्वाद.

सापडली. नाव प्रिंटहेल्प. आपल्याकडे प्रिंटर कधीच नव्हता. कंपनीचं नाव नाही. तारीख दसऱ्याची. त्या दिवशी मी विहारात गेले होते आणि सुट्टी म्हणून पवन घरी कॉम्प्युटर साफ करत बसला होता. संध्याकाळी मी त्याला शाबासकी दिली आणि खीर केली.

त्या फोल्डरमध्ये चित्रं आहेत. पडद्यावर जे जे उघडलं त्याचे फोटो. माझे मेल, तुझे मेल. तू पाठवलेली सोनोग्राफीसुद्धा. म्हणजे बाळ त्यानेही पाहिलं आहे.

फाइल मी काढलेली नाही. रागावू नकोस. तुझे बाबा रेल्वेच्या सिग्नल विभागात होते. सिग्नलच्या पेटीतला बिघडलेला रिले ते बदलत, पण फेकत नसत. चिठ्ठी बांधून, सील करून ठेवत. बिघाड कशामुळे झाला ते कळल्याशिवाय तो कोणाला हलवू देत नसत. मी त्यांच्यासोबत तीस वर्षं काढली. माझाही हात होत नाही.

तुझी,
आई


नागपूर
२२ फेब्रुवारी

ती. आईस,
सविनय जय भीम.

आई, तो रिले नाही. तो पवन आहे. कशामुळे झालं ते तुला आणि मला माहीत आहे. मी अनिमेषशी लग्न केलं म्हणून. त्यात उघडून बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

तू खीर केलीस हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं.

फाइल आजच काढ. ती आहे तोवर तू उघडशील ते सगळं तो ऑफिसात बसून वाचणार.

मयूरी


जवाहर नगर, जयपूर
१ मार्च

चि. सौ. मयूरीस,
सप्रेम जय भीम व आशीर्वाद.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तो सगळं वाचतो. जेवताना तो मान वर करत नाही. काही विचारलं तर ताट उचलून वर जातो. आणि माझं लिहिलेलं मात्र वाचतो.

म्हणून मी कॉम्प्युटरवर कोरं पान उघडलं आणि त्याला लिहिलं. लिहिलं की प्रिंटहेल्प मला सापडली आहे, मी रागावलेली नाही. तू झालीस तेव्हा बाबा फुलेरा जंक्शनला ड्यूटीवर होते. दवाखान्यातून घरापर्यंत रिक्षात तुला त्याने मांडीवर घेतलं होतं, मला देईना. तेही लिहिलं. मी बारा तारखेच्या गाडीने जाते आहे, स्टेशनवर सोडायला ये, एवढं मागितलं. तुझ्या बहिणीला निरोप द्यायचा असेल तर इथेच लिही, मी पान बंद करत नाही, असं शेवटी लिहिलं. पान तसंच ठेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून आला. जेवला. मीठ मागितलं.

काल दुपारी मी विहारातून परतले तर कॉम्प्युटर बंद होता. सुरू करून तू सांगितल्याप्रमाणे तीन बटणं दाबली. प्रिंटहेल्प नाही. फोल्डर नाही. चित्रं नाहीत. कचऱ्याची टोपलीही रिकामी. माझं पानही नाही. मी ते सेव्ह केलं नव्हतं. तू सांगितलेलं सगळं त्याने नीट केलं आहे. पंखा आता घरघरत नाही.

आता मला मेल करायला हरकत नाही. कोणी वाचत नाही.

बाराला निघते. स्टेशनपर्यंत रिक्षा करीन. येताना बाळंतविडा आणते. लोभ तुझ्याकडेच मागते. या घरात मागून पाहिला.

तुझी,
आई