झाकणाच्या आतली टिंबं

३ फेब्रु., मंगळ.

दुकानाचं शटर अर्धं वर असतानाच दातांचे डॉ. खाली वाकून आत आले. नेहमी 'काय मुरलीभाऊ' म्हणतात. आज 'भंगाळेसाहेब'. तिथंच कळलं, काहीतरी बिनसलंय.

अडीच वर्षांपूर्वी माझ्याकडून घेतलेलं जुनं जपानी डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांचं घड्याळ. पुढच्या महिन्यात कुटुंब घेऊन अंदमानला चाललेत, समुद्रात घालायचंय, म्हणून मुंबईच्या कारागिराला दाखवलं. (जळगावात इतकी डायव्हरं विकली, पाण्यात घालायचं म्हणणारा हा पहिलाच.) तो म्हणाला, पाण्याचं नंतर बघू. डायल नंतर बसवलेली आहे, काटे नंतरचे, वरची फिरती रिंगपण नंतरची.

मी हसलो. म्हटलं, मुंबईवाल्याला दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवल्याशिवाय अन्न पचत नाही. त्यांच्यासमोरच कानाला लावलं. मशीन स्वच्छ बोलत होतं. पहिल्या दिवसापासूनचं मशीन, शंकाच नाही.

"आवाजाबद्दल कोण बोलतंय, साहेब? डायलला कुठे आवाज असतो?"

घड्याळ ठेवून गेले. चहा नको म्हणाले.

डबीत माझं कार्ड होतं, माझ्याच अक्षरात. 'सर्व भाग मूळचे. फक्त सर्व्हिस.' खाली सही. या धंद्यात नवं रंगवून जुनं म्हणून खपवणारे पैशाला पासरी. माझं नाव झालं ते कार्डामुळे. एस.टी. स्टँडबाहेर खाटेवर पट्टे न् सेल विकायचो तेव्हापासून एकच नियम, काय बदललंय ते सांगून विकायचं. पुण्या-नाशिकची माणसं आधी माझं कार्ड वाचतात, मग घड्याळ बघतात.

४ फेब्रु., बुध.

झाकण उघडलं. आतल्या बाजूला नानांची खूण. सुईनं कोरलेलं बारीक 'ना', महिना, साल. घड्याळ आपल्या हाताखालून गेलं की कारागीर अशी खूण करून ठेवतो. नऊ वर्षं माझा सगळा जुना माल दुरुस्तीला धुळ्याला नानांकडेच जातो, त्यामुळे हा 'ना' मी माझ्या सहीइतका ओळखतो.

'ना'च्या खाली तीन टिंबं.

टिंबंही ओळखीचीच. बहुतेक झाकणांत असतात, कधी एक, कधी चार. मला वाटायचं, कोरायच्या आधी हात स्थिर करायला सुई टेकवत असतील. म्हातारा माणूस.

डायल. काटे. रिंग.

शोकेसमधली दोन काढली. एकात एक टिंब, दुसऱ्यात चार. तिसरं उघडायला हात होईना. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, त्याच्या भिंतीवरच्या घड्याळात सेल घालून दिला. त्याच्याशी दोन विनोदही केले. सवय.

५ फेब्रु., गुरु.

धुळं. एस.टी.त मागच्या बाकावर दोघं कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीचं कुजबुजत होते. एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत शब्द न् शब्द ऐकला. माझे कान असे. लोक म्हणतात भंगाळेसमोर पोटातलंही बोलू नका.

नाना जिन्याखालच्या त्या खोक्याएवढ्या दुकानात, डोळ्यात भिंग. वय अठ्ठ्याहत्तर, हात अजून कापत नाही.

"ये मुरल्या. चहा सांगू का?"

झाकण पुढं ठेवलं. म्हटलं, नाना, ही टिंबं कशाची?

नीट बघितलंसुद्धा नाही. "जितलं बदलं तितला टिंब."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगाले काय व्हतं? झाकनमा लिखेल शे. पुढला कारागीर उघाडी तं त्याले समजाले पाहिजे. तू कधी इचारं?"

"मी कार्डावर 'मूळचे' लिहितो, नाना. सही करून देतो लोकांना."

"मालूम शे माले."

"मग?"

आता भिंग काढलं. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच काहीतरी विसरलोय. "मग काय? माले वाटनं तुले बी मालूम शे. एवढा हुशार व्यापारी तू. सडेल डायल लई येस, चांगली लई जास. तुले समजत नही, आसं मन्हा मनमा बी उनं नही, मुरल्या."

सडकी डायल आणतो, चांगली नेतो, म्हणजे मला माहीतच असणार. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. अगदी मायेनं म्हणाले. म्हणजे नऊ वर्षं हा माणूस मला लबाड समजत होता, आणि लबाड समजूनच जेवायला बसवत होता.

आजही बसवलं. नानांच्या बायकोनं, अक्कांनी, भरीत वाढलं. "का रे भाऊ, तिखट झालं का?" नाही म्हटलं. ताट संपवलं.

बसवलेले भाग बनावट नाहीत म्हणे. मेलेल्या घड्याळांचे, त्याच कंपनीचे, नानांच्या डब्यांत चाळीस वर्षं जमलेले. "खोटं काहीच नही. फक्त त्यानं सोतानं नही."

खोटं काही नाही, फक्त त्या घड्याळाचं स्वतःचं नाही. हे वाक्य परतीच्या गाडीत डोक्यातून जाईना.

६ फेब्रु., शुक्र.

दुकान उघडलंच नाही. घरात सुनंदाला सांगितलं, कणकण आहे.

स्वतःशी तरी खरं बोलावं. डॉ.चं घड्याळ माझ्याकडे आलं तेव्हा डायलला बुरशी होती, काट्यांवरचं रेडियम गळून काचेत खाली पडलेलं. आखातातून परत आलेल्या माणसाकडून घेतलं होतं. धुळ्याहून आलं ते तजेलदार. आणि मी डॉ.ना काय सांगितलं? 'नानांच्या हातात जादू आहे.' बुरशी धुऊन जाते का डायलवरची? पस्तीस वर्षांत एकदा तरी गेलेली पाहिली का मी?

पाठवायच्या आधी फोटो काढायची पद्धत मी कधी ठेवली नाही. आल्यावर काढतो, दहा बाजूंनी, झाकणाच्या आतलासुद्धा. आधीचा एकही नाही. का नाही?

आणि ते दुसरं. लिहू का नको.

चारेक वर्षांपूर्वी नानांच्या दुकानात, अक्का चहा घेऊन आलेल्या. एक स्विस डायव्हर माझ्या हातात देत नाना म्हणाले, "याले तीन टिंब पडनात बरं का." मी म्हणालो, "अक्का, साखर आज जास्त झाली." नानांचं वाक्य आठवतंय, माझंही आठवतंय, कपाचा तुटका कान आठवतोय. म्हणजे ऐकू आलं होतं.

ऐकू आलं होतं आणि मी साखरेचं बोललो.

९ फेब्रु., सोम.

फोनमधले जुने फोटो काढून बसलो. नानांच्या हातची माझी तेवीस घड्याळं गेली लोकांकडे. एकोणीस झाकणांत टिंबं. हे फोटो मीच प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठवलेत, मोठे करून, 'आतूनही बघून घ्या' म्हणून. सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. फक्त वाचता कुणाला येत नव्हतं.

सुनंदाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "मी वर्षभर म्हणतेय माळ्यावर उंदीर आहे. तुम्ही म्हणता, मला नाही ऐकू येत. एवढे तुमचे कान!"

"आता काय करू ते सांग."

"एकोणीस जणांना फोन करा. दुसरं काय?"

"नानांचं नाव जाईल."

"नानांचं जाईल का तुमचं?" देठ मोडत म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

१२ फेब्रु., गुरु.

डॉ.कडे गेलो. पेशंट उठेपर्यंत बसलो, मग सगळं सांगितलं. टिंबं दाखवली. घड्याळ परत घेतो म्हणालो. त्यांनी लगेच हो म्हटलं, वाद नाही, आवाज चढवणं नाही. व्यवहार मिटला.

निघताना म्हणाले, "भंगाळेसाहेब, तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?"

दहा दिवसांपूर्वी 'नाही' म्हणालो असतो. आज म्हणालो, "सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली, जशी दात काढावाच लागेल म्हणताना हलवतात.

१५ फेब्रु., रवि.

धरणगाव. दुसरं घड्याळ इथल्या कापसाच्या जिनिंगवाल्या शेठकडे, तेच ते स्विस, तीन टिंबांचं. फोनवर बोलायचं धाडस होईना म्हणून प्रत्यक्ष गेलो. ओट्यावर खुर्च्या टाकल्या, "अरे या या, घड्याळवाले आले" करून आतून सगळ्यांना बोलावलं.

म्हटलं, शेठ, त्या घड्याळाबद्दल जरा खुलासा करायचाय. डायल जी आहे ना—

त्यांनी हात वर केला. "थांबा, मुरलीभाऊ. चांगलं का वाईट?"

"वाईट."

"मग मी ऐकलं नाही." हसले. "घड्याळ चाललंय पुण्याला. बोलणी पक्की झाली. तुमचं कार्ड बघूनच घेतोय तो. तुम्ही इथं आलाच नाहीत, मी ऐकलंच नाही. केळी वेफर्स घ्या."

"शेठ, कार्ड चुकीचं आहे. परत द्या."

"कार्ड कसं परत देऊ? त्याच्यावरच तर चाललंय सगळं. चुकीचं होतं तर सही कशाला केली?"

वेफर्स खाल्ले. खाल्ले, हे लिहून ठेवतो.

२० फेब्रु., शुक्र.

डोकं ठिकाणावर नव्हतं. धुळ्याला फोन लावला आणि जे बोलायला नको ते बोललो. तुमच्या टिंबांपायी माझं पस्तीस वर्षांचं नाव मातीत गेलं म्हणालो. काय बदललं ते तोंडानं सांगायचं होतं.

"तोंडवरी सांगं व्हतं एकदाव."

त्यांनाही आठवतंय तर. त्यावर मी आणखी चढलो. म्हणालो, यापुढे माझ्या घड्याळात काही बदलायचं नाही, आणि झाकणात एक टिंब कोरायचं नाही.

"बरं, मुरलीधरशेठ."

नऊ वर्षांत मुरल्या सोडून दुसरं काही म्हणाले नव्हते.

१ मार्च, रवि.

सतरा जण उरलेत. निरोप लिहून ठेवलाय फोनमध्ये. आधी 'कारागिराच्या चुकीमुळे' लिहिलं, ते खोडलं. मग 'माझ्या नकळत' लिहिलं. तेही खोडलं. आता उरलंय ते: 'आपण घेतलेल्या घड्याळात काही भाग बदललेले आहेत.' पुढं कर्ता कोण घालावा, कळत नाही.

पाठवला नाही.

धरणगावचं घड्याळ पुण्याला गेलं. घेणाऱ्यानं घड्याळवाल्या हौशी लोकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. शेजारी माझं कार्ड. खाली लोकांचे अंगठे, 'भंगाळेभाऊंचा माल म्हणजे डोळे झाकून'. सुनंदानं वाचलं, फोन परत माझ्या हातात दिला.

११ मार्च, बुध.

ऊन सुरू झालं. दुपारी मार्केटात कुत्रं नाही.

एस.टी.च्या पार्सलनं धुळ्याहून डबी आली. जानेवारीत पाठवलेलं माझं शेवटचं घड्याळ, स्विस, डायल तपकिरी पडलेली. असं उन्हानं तपकिरी पडलेलं हौशी लोक शोधत फिरतात. सोबत चिठ्ठी नाही. एरवी अक्कांची लोणच्याची बरणी तरी असते.

डायल तपकिरीच आहे. काटे जुने. रिंगचा रंग उडालेला.

झाकण उघडलं. 'ना'. महिना. साल. खाली काही नाही. स्वच्छ पोलाद.

आनंद व्हायला पाहिजे होता. मग डोक्यात आलं. काही बदललं नाही म्हणून टिंब नाही, का मी कोरू नका म्हणालो म्हणून नाही? जाताना कसं होतं याचा फोटो नाही. तपकिरी होतं एवढं आठवतं. हेच तपकिरी होतं का? नानांच्या डब्यांत तपकिरी डायलीही असतील की.

टिंब असतं तर निदान वाचता आलं असतं. ते मीच बंद केलं.

१३ मार्च, शुक्र.

पुण्याचाच दुसरा एक जण याच घड्याळासाठी महिनाभर थांबलाय. सकाळी फोन. "भाऊ, सगळं मूळचं ना? तुम्ही म्हणालात की संपलं."

उद्या सांगतो म्हटलं.

मुंबईला त्या कारागिराकडे पाठवता येईल, तो दोन दिवसांत सांगेल. म्हणजे नानांच्या माघारी नानांची परीक्षा. सुनंदा म्हणाली, "आधी त्यांनाच विचारा. आजवर विचारलंत का एकदा तरी?"

लावला फोन. अक्कांनी उचलला. माझा आवाज ऐकून लगेच नानांकडे दिला.

"नाना, त्या स्विसमध्ये काय काय बदललं?"

"काहीच नही."

गिऱ्हाईक खोटं बोललं की शेवटच्या अक्षरावर जरासं रेंगाळतं. घासाघीस करणाऱ्याचा श्वास आधी येतो. आयुष्यभर याच्यावर धंदा केला. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, त्याच सुरात, तितकंच लांब. खरंही तसंच वाटलं असतं, खोटंही तसंच.

म्हटलं, नाना, यापुढे टिंबं घाला. आधीसारखी.

"तू वाचशी का?"

हो म्हणालो. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. फोन ठेवल्याचा आवाज आला.

पुण्याचे दोन मिस्ड कॉल. कोरं कार्ड काढून ठेवलंय. तारीख घातली, घड्याळाचा नंबर घातला. पुढच्या ओळीत नेहमी 'सर्व भाग मूळचे' येतं, ती ओळ अजून कोरी आहे.