उन्हात वाळवलेलं तोंड

माय, तुला जाऊन बरीच वर्षं झाली आणि माझ्या गालावरचे काळे डाग अजून तसेच आहेत. कुणी विचारलं की मी सांगते, आमच्या मायनं उन्हात बसवलं होतं. इतक्यांदा सांगितलंय की आता तोंडपाठ झालंय. त्याबद्दलच एकदा तुझ्यापाशी नीट बोलायचंय, म्हणून कागद घेऊन लिहायला बसले.

ती टँकरची वर्षं आठवतात ना? धारूरला आपल्या गल्लीत चार-पाच दिवसांनी टँकर यायचा आणि तोंड धुवायला एक तांब्या मिळायचा, तोही सकाळचाच. शेतं मोकळी पडली तशी तू बायांच्या सहकारी संस्थेत पापड-कुरडयांच्या कामाला लागलीस. पाऊस नाही म्हणून सगळं गाव रडत होतं, आणि संस्थेच्या अध्यक्षीणबाई मात्र म्हणायच्या, "ऊन हाय तवर आपलं काम हाय, बायांनो." संस्थेच्या स्लॅबवर जुनी लुगडी अंथरून तुम्ही कुरडया घालायच्या आणि संध्याकाळपर्यंत त्या कडकडीत व्हायच्या. ज्यात पाणी राहिलं ते नासलं, ज्यातलं पाणी गेलं ते टिकलं, हाच तुमचा कायदा. त्याच कायद्यानं तू माझ्या तोंडाकडं बघितलंस.

माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. दोन्ही गाल पुटकुळ्यांनी भरलेले, हात लावला की ठणकणाऱ्या. पोरी शेजारी बसायच्या नाहीत. मी जेवायचीसुद्धा भिंतीकडं तोंड करून. तू माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवलीस आणि म्हणालीस, "पाणी धरलंय गं ह्यानी. वाळलं की बसत्यात." दुसऱ्या दिवसापासून मी स्लॅबवर, वाळवण राखायला. ओढणी डोक्यावर घेतली की खालून तुझा आवाज, "तोंड उघडं ठेव! कावून झाकतीस?" कावळे हाकलत, चटके सोसत बारा ते तीन बसायची. चिडायची, पण मनातून आशा लई होती गं. आणि आठ दिवसांत फोड सुकले की! गाल रापले, लाली त्यात दडली. तू संस्थेतल्या बायांना बोलावून माझं तोंड दाखवलंस. "बघा, म्हणलं नव्हतं?" त्या दुष्काळात तुला इतकं खूश दुसऱ्या कशानं झालेलं मी पाहिलं नाही.

पंधरवड्यानं तेच फोड दुपटीनं उठले. वरून कातडी सुटत होती आणि खाली तेलच तेल. तू मला खाली बोलावलंस. "ऱ्हाऊ दे बाई. माझं चुकलं. आता सावलीतच बस." माय, तू असं म्हणाली होतीस. हे मी कुणालाच सांगत नाही.

उन्हाळा संपता संपता तू मला बीडला कातडीच्या डॉक्टरकडं नेलंस. पदर घट्ट ओढून खुर्चीच्या कडेवर बसली होतीस. डॉक्टर गालावर बॅटरी मारून म्हणाले, ऊन चार दिवस वाळवल्यासारखं करतं, पण आतून सूज वाढते, आणि फोडाच्या जागी पडलेला डाग उन्हानं आणखी काळा होतो. "उन्हात कोणी बसवलं हिला?" मी तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालीस, "मीच, सायेब. अडाणी हाय मी." मग त्यांनी मला विचारलं, "लिंबू वगैरे चोळून बसलीस का कधी? त्यानं तर भाजतंच." मी म्हणाले, नाही.

एसटीत माझ्यावर ऊन यायला लागलं तशी तू जागा बदललीस आणि स्वतः खिडकीशी बसलीस. पुढं पाहुणे बघायला आले आणि नकार कळवून मोकळे झाले, तेव्हा मी चुलीपाशी उभी राहून ओरडले, "तूच माझं तोंड जाळलंस!" तू पीठ मळत होतीस. हात थांबले, परत चालू झाले. त्यानंतर मरेपर्यंत तू माझ्या तोंडाकडं सरळ बघितलं नाहीस. बोलताना माझ्या हातांकडं बघायचीस.

आता खरं सांगते. तू सावलीत बस म्हणाल्यावरही मी वर जात होते. तुम्ही सगळ्या पीठ शिजवण्यात गुंतलात की मागच्या जिन्यानं. त्या आठ दिवसांचं तोंड मला परत पाहिजे होतं. शाळेतल्या एकीनं सांगितलं, लिंबानं लवकर वाळतं. संस्थेत लोणच्याला आणलेल्या लिंबांतलं एक उचलायची, गालावर चोळायची आणि सूर्याकडं तोंड करून डोळे मिटून बसायची. जितकं झोंबायचं तितका गुण येतोय असं वाटायचं. मग भाजल्यासारखे चट्टे उठले. तू घाबरून विचारलंस, तर मी म्हणाले, तुझ्याच उन्हाचे आहेत.

शेवटच्या दिवसांत तुझ्या उशाशी बसून किती गोष्टी बोलले, एवढी एक ओठावर येऊन परत गेली. आता हा कागद टाकू तरी कुठं?

मी हल्ली औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते. आज सकाळी एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली, पोरीचे गाल थेट माझ्या तेव्हाच्या गालांसारखे. मी मलम दिलं, उन्हात तोंड झाकून जा म्हणाले, आणि सवयीनं माझे डाग दाखवले. "आमच्या मायनं बसवलं होतं मला उन्हात." ती बाई हळहळली. म्हणाली, "कसली हो आई म्हणायची ही!" आणि मी, माय, मान डोलावली.