‘डिझर्टेड’ म्हणजे काय

सोनपेठ, ९ जानेवारी १९७४
यांच्या जहाज कंपनीचं पत्र. इंग्रजी, टाइप केलेलं, चार ओळी. यांचं नाव, बसरा बंदर, आणि एक शब्द: डिझर्टेड. चौथीला भूगोल शिकवते, म्हणून डेझर्ट म्हणजे वाळवंट एवढं ठाऊक. सासूबाईंना सांगितलं, वाळवंटाच्या मुलखात उतरलेत.
“बरं झालं माय. पाण्यात न्हाई, जमिनीवर हाय लेकरू.” बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली त्यांनी.
मला मात्र बरं वाटेना.

१० जाने.
मधल्या सुट्टीत पत्र घेऊन हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांकडं. वाचून त्यांनी चष्मा काढला. “बाई, हे वाळवंट नव्हे. परवानगीशिवाय जहाज सोडून गेलेल्याला हा शब्द लावतात.”
म्हणजे पळाले.
सर भला माणूस, त्यांना गप्प बसवेना. जाडा कोश काढला. शब्द लॅटिनमधला. मूळ अर्थ, जोडलेलं सुटं करणं. वाळवंटाचा शब्दही त्याच मुळातून, टाकून दिलेली जागा. मी वर्गातल्या पोरींसारखं सगळं वहीत उतरवून घेतलं. घराकडं येताना वही उघडली, वाचून परत मिटली.

१३ जाने.
मामंजींना खरं सांगितलं.
“पळाला? माझं पोरगं?” मग, “विहिरीच्या कामावर बोट चेंगरलं तरी दिवस भरून आलता त्यो.”
ताट तसंच सरकवलं. सासूबाईंना अजून न्हाई.

२ फेब्रु.
शाळेत फुटलंच. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी, मला ऐकू जाईल असं: “तिकडं दुसरी केली असंल.”
पाढे घेतले. तेराचा चुकले. पोरींनी सांगितलं.

१९ फेब्रु.
यांच्याबरोबर इंजिनात काम करणाऱ्या इब्राहिमचं पत्र. रत्नागिरीकडचा. लिहितो: वहिनी, भाऊंना बॉयलरपाशी भाजलं होतं. तीन दिवस ताप. बसऱ्याला दोघांनी काखेत धरून शिडीवरून खाली नेलं, मी वरून पाहिलं. पायात चप्पल नव्हती. दुसऱ्या दिवशी जहाज सुटलं, भाऊ आले नव्हते. विचारलं तर आम्हाला दटावलं.
पत्र मोठ्यानं वाचलं. आता लपवायचं काय?
सासूबाई एवढंच म्हणाल्या, “मंग उतरला का उतरविला?”
मामंजी उठून बाहेर गेले.

४ मार्च
पोलीस ठाण्यात बोलावलं, कंपनीनं तिकडंही कळवलेलं. मामंजी सोबत. जमादारानं जबाब आधीच लिहून ठेवलेला: माझे पती जहाजावरून फरार.
म्हटलं, फरार खोडा. आजारी होते, खाली नेले, असं लिहा.
“तुमी होता का तिथं, बाई?”
“तुमी होता का?”
“कंपनीच्या कागदात जे हाय तेच मी लिहायलोय.”
इब्राहिमचं पत्र पुढं केलं. हातात घेतलं न्हाई. मी सही केली न्हाई. सोमवारी परत या म्हणाला. बाहेर आल्यावर मामंजी चहा पाजायला घेऊन गेले. आजवर कधी नेलं नव्हतं.

८ मार्च
कंपनीला पत्र. मी मराठीत लिहिलं, सरांनी इंग्रजी केलं. खाली नेणारे दोघं कोण? कोणत्या डॉक्टरकडं नेलं? त्यानंतर यांना कुणी पाहिलं? सरांनी सवयीनं तोच शब्द घातला होता, तो खोडायला लावला. रजिस्टर करून टाकलं.
सासूबाई भाकरी थापायल्या होत्या. तव्याकडं बघतच विचारलं, “तिथली माणसं आजाऱ्याला पाणी देत असतील का गं?”
देतात, म्हटलं. मला काय ठाऊक.