अडखळणारं चित्र

४ मार्च
आजही अडखळलं. धाकटा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो, ते इंटरनेटवर थेट तीस-चाळीस माणसं बघतात. त्याच्या पडद्यावर गाडी सुसाट, लोकांना मात्र सेकंदाला जेमतेम वीस फ्रेम. हप्त्याहप्त्याने चित्र! "मशीनच तसलं, ताई. तू नको डोकं घालूस," म्हणाला. डोकं कसं नाही घालणार? आजाराने पाय गेल्यापासून त्याचं सगळं जग त्या खुर्चीत आणि त्या पडद्यात आहे.

५ मार्च
दुकानात चष्म्याच्या काचा घासतानाही तेच डोक्यात. कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्डं दोन — एक जुनं, एक नवं. मला वाटायचं, दोन म्हणजे दुप्पट जोर. त्याचा खेळ रोज ऑनलाइन बघणारे एक मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना पानाकाका म्हणतात. त्यांना विचारलं. लिहिलं त्यांनी : गेम एका कार्डावर आणि प्रक्षेपणाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालत असेल. मग प्रत्येक चित्र इकडून उचलून तिकडे न्यायचं — हमालीतच जीव जातो. दोघांना एका कार्डावर आणा.

७ मार्च
जमलं! प्रोग्राम नव्या कार्डावर घेतला. मॉनिटरची वायर जुन्यातून काढून नव्यात खोचली. गेमला साठ फ्रेमची मर्यादा घातली, नाहीतर तोच सगळं कार्ड खातो आणि प्रक्षेपणाला काही उरत नाही. लोकांना आता पुरत्या साठ. पानाकाका म्हणाले, "शाब्बास पोरी." धाकट्याने लगेच मशीन बंद केलं. दमला असेल.

८ मार्च
पुन्हा वीस. प्रोग्राम आपोआप जुन्या कार्डावर गेलेला. परत बदलला.

११ मार्च
चार दिवसांत तिसऱ्यांदा तेच. वैतागले. म्हटलं, जुनं कार्ड काढूनच टाकते.
"राहू दे ना."
"कशाला? अडगळ नुसती."
"राहू दे म्हटलं ना, ताई."
ऐकलं नाही मी. एक स्क्रू, पाच मिनिटं. रात्री जेवला नाही नीट.

१२ मार्च
चित्र आरशासारखं. कौतुकाने आजचं रेकॉर्डिंग लावून बसले. तिसऱ्या वळणावर गाडी भिंतीवर गेली. पुढच्या फेरीत तिथेच. त्याच्या पुढच्याही. फ्रेम एकही गळली नव्हती. कुणीतरी लिहिलं होतं, "आज मन नाही वाटतं खेळात."
कोपऱ्यातल्या चौकटीत तो स्वतः दिसतो. तिथे कधी बघतच नाही मी. आज बघितलं. वळण येतं, त्याचे डोळे वेळेवर वळतात. कंट्रोलरवरचा उजवा अंगठा मात्र वेळेवर हलत नाही. मागून येतो, उशिरा.
मागच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "दुखणं हातांपर्यंत आलेलं नाही, तोवर घाबरू नका."
रेकॉर्डिंग बंद केलं. तो आतून विचारत होता, "कसं दिसतंय गं?" छान म्हणाले.

१३ मार्च
सकाळी चहा देताना अंगठ्याचं विचारलंच. खिडकीकडे बघत म्हणाला, "तीन आठवडे झाले. प्रोग्राम जुन्या कार्डावर मीच टाकायचो. मशीन अडखळतंय म्हटलं की हाताकडे कुणी बघत नाही."
मी शेजारी बसले. त्याचा हात माझ्या तळव्यावर घेतला. म्हटलं, "अंगठा दाब बघू."
"दाबतोय ना," म्हणाला.